नाला बंद केला, तरी तलाव हिरवाच: गाळातून सुटणारा फॉस्फरस कसा मोजायचा

मुंबईत एखाद्या तलावाचं पाणी हिरवं पडलं की उपाय ठरलेले असतात. जलपर्णी काढायचं टेंडर निघतं, मधोमध कारंजी बसतात, कुणीतरी जिवाणूंची पावडर आणून टाकतं. वॉर्ड जागरूक असेल तर सांडपाण्याचा नालाही वळवला जातो, आणि या सगळ्यात हेच काम सर्वांत मोलाचं असतं. तरी एक-दोन पावसाळे जातात आणि पुढच्या एप्रिलमध्ये पाणी पुन्हा हिरवंगार, पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतायत.

याचं कारण बहुतेक वेळा तळाशी असतं. वर्षानुवर्षं नाल्यातून आलेला फॉस्फरस, म्हणजे पाणी हिरवं करणाऱ्या शेवाळाचं खाद्य, गाळात साठलेला असतो. बाहेरची आवक थांबली की गाळ तो हळूहळू पाण्याला परत देऊ लागतो, आणि उथळ तलावात हे देणं वर्षानुवर्षं चालू राहतं. माझं म्हणणं इतकंच आहे: तलावावर मोठा खर्च करण्याआधी हा आकडा मोजा. नाल्यातून रोज किती येतो आणि गाळातून रोज किती सुटतो, हे दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवल्याशिवाय कोणताही उपाय निवडता येत नाही. रसायनशास्त्राची प्रयोगशाळा असलेलं जवळचं कॉलेज, चार-पाच चिकाटीची माणसं आणि एक उन्हाळा एवढ्यात हे काम होतं.

आधी गाळात काय चालतं ते

मुंबईच्या आसपासची जमीन बेसाल्टची, लाल मातीची. तिच्यात लोह भरपूर. पावसात ही माती तलावात येते आणि गाळात लोहाची ऑक्साइडं जमतात. पाण्यात ऑक्सिजन आहे तोवर हे लोह फॉस्फेटला, म्हणजे फॉस्फरसच्या पाण्यात विरघळणाऱ्या रूपाला, पृष्ठभागावर धरून ठेवतं. ऑक्सिजन संपला की गाळातले जिवाणू श्वसनासाठी त्या लोहालाच वापरतात, लोह विरघळतं आणि त्याच्याबरोबर फॉस्फेट मोकळं होऊन वरच्या पाण्यात येतं. क्लिफर्ड मॉर्टिमर यांनी इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या सरोवराच्या गाळावर प्रयोग करून १९४१ आणि १९४२ मध्ये हे मांडलं. तलावाचा गाळ अभ्यासणारा माणूस आजही तिथूनच सुरुवात करतो.

पण उथळ तलावाची गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. खोल सरोवरात उन्हाळाभर तळाचं पाणी वरच्यापासून वेगळं राहतं. दीड-दोन मीटरच्या तलावात दुपारी वरचा थर तापतो, तळाशी पाणी कोंडतं आणि रात्री सगळं पुन्हा ढवळतं. म्हणजे गाळातून सुटलेला फॉस्फरस दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हात शेवाळापर्यंत पोचलेला असतो. त्यात दुपारचा समुद्रावरचा वारा उथळ भागातला गाळ उठवतो. तळ उकरून खाणारे सायप्रिनस आणि मृगळ मासे तेच काम दिवसभर करतात.

आणखी एक बाब फारशी कुणी लक्षात घेत नाही. शेवाळ दाट असलं की प्रकाशसंश्लेषणामुळे दुपारी पाण्याचा पीएच ९ च्या वर जातो. अशा पाण्यात ऑक्सिजन भरपूर असला तरी हायड्रॉक्साइड लोहावरच्या फॉस्फेटची जागा घेतं आणि फॉस्फेट सुटतं. म्हणजे शेवाळ स्वतःच गाळातून स्वतःचं खाद्य काढून घेतं. ऑक्सिजन दिला की काम झालं असं समजणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट वहीत लिहून ठेवावी.

आता विसर्जनाबद्दल. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे कॅल्शियम सल्फेट. पाण्यात घट्ट झालेल्या निव्वळ पीओपीच्या १० किलोंत सल्फेट साधारण साडेपाच किलो असतं. ते हळूहळू विरघळतं. ऑक्सिजन नसलेल्या गाळात सल्फेटपासून सल्फाइड बनतं आणि ते लोहाला धरून काळं आयर्न सल्फाइड तयार करतं. सल्फाइडमध्ये अडकलेलं लोह फॉस्फेटला धरू शकत नाही. निर्माल्याने ऑक्सिजन खाल्ला जातो तो वेगळाच. कृत्रिम तलावात विसर्जन करा असं सांगताना रंगांतल्या शिसाबद्दल आपण बोलतो, ते बरोबरच आहे. हे सल्फेटचं कारणही तितकंच सांगण्यासारखं आहे.

पायरी १: परवानगी आणि सुरक्षितता

तलाव कुणाच्या ताब्यात आहे ते आधी शोधा. बहुतेक तलाव महापालिकेकडे आहेत, काही देवस्थानांच्या ट्रस्टकडे, काहींवर पुरातत्त्व खात्याचं नियंत्रण आहे. वॉर्ड ऑफिसला लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या आणि अर्जातच लिहा की निकालाची प्रत त्यांना देऊ. वाळकेश्वरच्या बाणगंगेसारख्या ठिकाणी पुजारी आणि रहिवाशांशी आधी बोलून घ्या. सर्वपित्री अमावस्येनंतर तिथे मासे मेल्याच्या बातम्या बऱ्याचदा आलेल्या आहेत, त्यामुळे तिथल्या माणसांनाही उत्तर हवंच असतं.

पवई तलावात मगरी आहेत. काठावर उकिडवं बसून बाटली भरायची नाही, पाण्यात पाय घालायचा नाही. तराफ्यावरून मासेमारी करणारी स्थानिक माणसं बरोबर असल्याशिवाय आत जाऊ नये. कुठेही गेलात तरी लाइफ जॅकेट, रबरी हातमोजे आणि गमबूट हवेतच. हातापायाला जखम असेल तर त्या दिवशी काठावर थांबून नोंदी घ्या, कारण सांडपाणी मिसळलेल्या पाण्यात लेप्टोची भीती असते.

पायरी २: नाल्यांची मोजणी

मुंबईत डिसेंबर ते मे पाऊस जवळजवळ नसतो. म्हणून फेब्रुवारीत तलावात जे काही वाहत येतंय त्यातलं बहुतेक सांडपाणी असतं, जिवंत झरा असलेली ठिकाणं सोडून. इतका सोपा पुरावा दुसरा नाही. सकाळी सात ते नऊच्या दरम्यान पूर्ण काठ चालून घ्या. त्या वेळी घराघरांत पाणी वापरलं जातं आणि लपलेले पाइप बोलू लागतात. प्रत्येक तोंडाचा फोटो काढा, नकाशावर खूण करा.

प्रवाह छोटा असेल तर १० लिटरची बादली आणि मोबाइलचं स्टॉपवॉच पुरतं. बादली २० सेकंदांत भरली तर सेकंदाला अर्धा लिटर. मोठ्या नाल्यात रुंदी, खोली आणि तरंगत्या संत्र्याचा वेग मोजून अंदाज काढा. पृष्ठभागाचा वेग सरासरीपेक्षा जास्त असतो, म्हणून त्याला ०.८५ ने गुणायचं. सकाळ, दुपार आणि रात्री असं तीनदा मोजा, कारण सांडपाण्याचा प्रवाह दिवसभर सारखा नसतो.

अर्धा लिटर म्हणजे मनगटाएवढी धार, नजरेतही भरत नाही. पण तिच्यात लिटरमागे ५ मिलिग्रॅम फॉस्फरस असेल, आणि घरगुती सांडपाण्यात तेवढा सहज असतो, तर दिवसाला २१६ ग्रॅम होतात. माणूस दिवसाला साधारण दीड ग्रॅम फॉस्फरस बाहेर टाकतो. म्हणजे ही धार जवळपास दीडशे माणसांची.

काठावरून माशांना कणकेचे गोळे घातले जातात, त्याचाही हिशेब ठेवा. गव्हाच्या पिठात किलोमागे साधारण ३ ग्रॅम फॉस्फरस असतो. मोठ्या तलावाला त्याने फरक पडत नाही. छोट्या देवळाच्या तळ्यात रोज १५-२० किलो पीठ पडत असेल, तर तो आकडा छोट्या नाल्याच्या चौथ्या हिश्श्याएवढा होतो.

पायरी ३: खोली आणि गाळाची जाडी

दोरीला वजन बांधून पाण्याची खोली, आणि खुणा केलेला बांबू टणक तळ लागेपर्यंत दाबून गाळाची जाडी. काठापासून काठापर्यंत आडव्या-उभ्या रेषांत, प्रत्येक २०-३० मीटरवर. सरासरी खोली महत्त्वाची, सर्वांत खोल जागा नव्हे. १८९१ मध्ये बांधलेला पवई तलाव कागदोपत्री सर्वांत खोल जागी १२ मीटर आणि काठाकडे ३ मीटर आहे. पण गाळाच्या हिशेबात कागद चालत नाही. आजची खोली आजच मोजावी लागते.

पायरी ४: पहाटेचा ऑक्सिजन, दुपारचा पीएच

बहुतेक सरकारी आणि खासगी तपासण्या सकाळी अकराच्या सुमाराला, काठावरून, वरच्या पाण्याच्या होतात. त्या वेळी शेवाळ ऑक्सिजन बनवत असतं आणि अहवाल छान येतो. गाळाला काय मिळतं ते कळायला सूर्योदयाआधी, गाळाच्या १०-२० सेंटिमीटर वर ऑक्सिजन मोजायचा. ३० अंश तापमानाला पाणी लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन धरतं, आणि त्याच तापमानाला जिवाणूंची भूक दुप्पट-तिप्पट असते. म्हणून आपल्याकडच्या तलावात तळाचा ऑक्सिजन एका रात्रीत संपतो, थंड देशांत त्याला आठवडे लागतात.

ऑक्सिजनचा मीटर कॉलेजकडून मिळाला तर उत्तम. नाहीतर विंकलर पद्धत वापरा: बाटलीत बुडबुडा न राहू देता पाणी भरायचं, मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड काठावरच घालायचं, आणि टायट्रेशन नंतर करायचं. तळाशी २ मिलिग्रॅमच्या खाली आकडा आला, तर गाळाच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन नाहीच असं धरून चाला.

दुपारी तीनच्या सुमाराला त्याच जागी पीएच, तापमान आणि पारदर्शकता मोजा. पारदर्शकतेसाठी २० सेंटिमीटर व्यासाची काळी-पांढरी सेकी तबकडी लागते, ती पत्र्याची घरीही करता येते. होडीच्या सावलीच्या बाजूने खाली सोडा, दिसेनाशी झाली आणि पुन्हा वर घेताना दिसू लागली, या दोन्ही वेळच्या खोलीची सरासरी लिहा. हे सगळं मार्च ते मे दर पंधरवड्याला करा. तळाशी ऑक्सिजन किती रात्री जातो हा आकडा पुढच्या गणितात लागणार आहे.

पायरी ५: पाण्याचे नमुने, आणि लॅबला काय विचारायचं

दोन गोष्टी मोजायच्या: एकूण फॉस्फरस आणि विरघळलेलं फॉस्फेट. दुसऱ्यासाठी पाणी काठावरच ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचं, घरी नेऊन नाही. बाटल्या १० टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये रात्रभर ठेवून डिस्टिल्ड पाण्याने धुवा. भांड्यांच्या साबणाचा किंवा डिटर्जंटचा हात त्यांना लागता कामा नये, कारण त्यातही फॉस्फेट असू शकतं. नमुने बर्फात ठेवून त्याच दिवशी लॅबला पोचवा. मुंबईच्या ट्रॅफिकचा विचार करून लॅब तलावाच्या जवळची निवडा.

लॅब एनएबीएल मान्यताप्राप्त असली तरी पैसे भरण्याआधी दोन प्रश्न विचारा. पहिला: तुमची किमान मोजमाप मर्यादा किती? बऱ्याच ठिकाणी सांडपाण्याच्या हिशेबाने ०.१ किंवा त्याहून जास्त मर्यादा असते आणि अहवालात 'मर्यादेखाली' असं येतं. एकूण फॉस्फरस लिटरला ०.०३५ मिलिग्रॅमच्या वर गेला की तलाव पोषकद्रव्यांनी समृद्ध धरतात आणि ०.१ च्या वर गेला की अतिसमृद्ध. म्हणजे 'मर्यादेखाली' हे उत्तर तलावासाठी निरुपयोगी आहे. ०.०१ किंवा त्याखाली मोजणारी लॅब हवी. दुसरा प्रश्न: आकडा फॉस्फेटचा देता की फॉस्फरसचा? फॉस्फेटच्या आकड्याला ३.०७ ने भागलं की फॉस्फरस मिळतो. या एका गोष्टीवरून दोन अहवाल एकमेकांशी भांडताना मी बघितले आहेत, आणि दोन्ही खरे होते.

पायरी ६: गाळाची नळी काढणं

हे या कामाचं हृदय आहे, त्यामुळे इथे घाई नको. ७ सेंटिमीटर आतल्या व्यासाची, ६० सेंटिमीटर लांबीची पारदर्शक ॲक्रिलिक नळी आणि दोन्ही टोकांना घट्ट बसणारी रबरी बुचं. मुंबईत ॲक्रिलिक कापून देणारे मिळतात. कडा आतून तासून धारदार करून घ्या.

नळी हळूच, सरळ गाळात दाबायची, २०-२५ सेंटिमीटर गाळ आत येईपर्यंत. वरचं बूच लावायचं. मग ओढायची, आणि खालचं टोक पाण्याबाहेर येण्याआधी पाण्यातच खालचं बूच बसवायचं. वरचं पाणी गढूळ झालं असेल तर ती नळी सोडून द्या आणि दोन मीटर बाजूला पुन्हा प्रयत्न करा. एका भागात तीन नळ्या, असे निदान तीन भाग: नाल्याच्या तोंडाशी, मधोमध, आणि विसर्जनाच्या घाटाशी.

तराफ्यावरच्या काकांनी पहिलीच नळी वर काढल्यावर मला थांबवलं होतं. "ताई, हलवू नका. आधी बघून घ्या, मग हे दिसणार नाही." नळी उन्हासमोर धरली. पाण्याखाली सर्वांत वर नखाएवढा जाड तपकिरी पापुद्रा होता, त्याच्या खाली एकदम काळा गाळ, इडलीच्या पिठासारखा सैल, त्यात बारीक बुडबुडे आणि मधूनच पिठूळ पांढरा तुकडा. उघडल्यावर सडक्या अंड्याचा वास आला. तो तपकिरी पापुद्रा म्हणजे ऑक्सिजन मिळालेलं लोह. फॉस्फेटला अडवणारा तलावातला सर्वांत पातळ थर तोच. ज्या नळीत तो दिसतच नाही, काळा गाळ थेट पाण्याला भिडलेला असतो, त्या जागेवर गाळ बहुधा फॉस्फरस सोडतो आहे. प्रत्येक नळीचा फोटो पांढऱ्या कागदासमोर, पट्टी शेजारी ठेवून काढा आणि पापुद्र्याची जाडी लिहा. लॅबचा अहवाल येण्याआधी अर्धं उत्तर इथेच मिळतं.

पायरी ७: नळ्या अंधारात ठेवून मोजणं

कॉलेजच्या खोलीत नळ्या उभ्या ठेवा, काळ्या कापडाने झाका. तापमान तलावाच्या तळाएवढं हवं. एप्रिलमध्ये एसी बंद ठेवलेली मुंबईतली कोणतीही खोली आपोआप तेवढी असते. वरचं पाणी सायफनने हलकेच काढून त्या जागी गाळलेलं तलावाचं पाणी भरा, गाळापासून २५ सेंटिमीटर उंचीपर्यंत.

प्रत्येक भागातल्या एका नळीत मत्स्यालयाच्या पंपाने मंद हवा सोडा, बुडबुड्यांनी गाळ उठू नये इतकी मंद. दुसरीत पाणी आणि बूच यांच्यामध्ये हवा न राहू देता ती हवाबंद करा. या तापमानाला गाळ एक-दोन दिवसांत सगळा ऑक्सिजन स्वतःच संपवतो. नायट्रोजनचं सिलिंडर मिळालं तर अजून चांगलं. तिसरी नळी चिरून तपासायची, तिच्याबद्दल पुढे. शिवाय गाळ नसलेल्या दोन नळ्या नुसत्या पाण्याच्या, एक हवेची आणि एक हवाबंद. त्यांच्यात आकडा वाढला तर ती वाढ पाण्याचीच आहे, ती वजा करायची.

पहिल्या दिवशी, मग १, २, ४, ७ आणि १० दिवसांनी प्रत्येक नळीतून ५० मिलिलिटर पाणी काढा, लगेच गाळा, फॉस्फेट मोजा. काढलं तेवढं गाळलेलं पाणी परत घाला. मोजायची पद्धत मॉलिब्डेनमच्या निळ्या रंगाची, ८८० नॅनोमीटरवर. बीएस्सीची मुलं ती नीट करतात.

गणित सोपं आहे. फॉस्फरस लिटरला जितका मिलिग्रॅम वाढला, त्याला नळीतल्या पाण्याच्या उंचीने (मीटरमध्ये) आणि हजाराने गुणा, दिवसांनी भागा. उत्तर येतं ते दर चौरस मीटरला दर दिवशी किती मिलिग्रॅम. समजा हवाबंद नळीत ०.०५ वरून पाच दिवसांत ०.४५ झाला. वाढ ०.४०, उंची ०.२५, म्हणजे १०० मिलिग्रॅम, भागिले पाच, २० मिलिग्रॅम. आकड्यांचा आलेख आधी काढा आणि ज्या दिवसांत रेघ सरळ चढते त्याच दिवसांचा वेग घ्या. नंतर ती सपाट होते, तो भाग धरला तर वेग उगीच कमी दिसतो.

हवेच्या नळीतला आणि हवाबंद नळीतला फरक खूप मोठा असेल, तर लोहच फॉस्फेट धरून आहे. दोन्हींत सारखाच सुटत असेल, तर कुजणारा सेंद्रिय गाळ किंवा सल्फाइडमध्ये अडकलेलं लोह हे कारण, आणि तिथे हवा भरून फार काही साधणार नाही.

पायरी ८: गाळ चिरून आत बघणं

तिसरी नळी खालून ढकलत २-२ सेंटिमीटरच्या चकत्या करा, १० सेंटिमीटरच्या खाली ५-५ च्या चालतील. प्रत्येक चकतीत पाण्याचं प्रमाण, एकूण फॉस्फरस आणि एकूण लोह. वजनाने लोह फॉस्फरसच्या १५ पटींहून जास्त असेल तर ऑक्सिजन असताना गाळ फॉस्फरस चांगला धरतो, असा डेन्मार्कच्या उथळ तलावांवरून बसवलेला ठोकताळा आहे. आपल्या बेसाल्टच्या मातीत हा आकडा सहज ओलांडला जातो, पण त्यातलं बरंच लोह खनिजांत बंद असतं. म्हणून नुसत्या गुणोत्तरावर विसंबू नका. शक्य असेल तर क्रमाक्रमाने रसायनं वापरून फॉस्फरसचे गट वेगळे करणारी तपासणी करून घ्या: सैल धरलेला, लोहाने धरलेला, सेंद्रिय, ॲल्युमिनियमचा, कॅल्शियमचा. पहिले तीन गट मिळून जो होतो तो सुटू शकणारा. कॅल्शियमचा सहसा जागचा हलत नाही.

पायरी ९: दोन्ही आकडे शेजारी

दोन हेक्टरचा, सरासरी दीड मीटर खोलीचा तलाव घेऊ. तळ २०,००० चौरस मीटर, पाणी ३०,००० घनमीटर. पूर्ण तळातून २० मिलिग्रॅमने सुटला तर दिवसाला ४०० ग्रॅम. पाण्यात रोज लिटरला ०.०१३ मिलिग्रॅमची भर, म्हणजे आठ दिवसांत अतिसमृद्धीची रेषा पार. मघाचा मनगटाएवढा नाला देत होता २१६ ग्रॅम. इथे नाला पूर्ण बंद केला तरी दोन तृतीयांश फॉस्फरस येतच राहणार. हाच तो आकडा, जो लोकांना दाखवावा लागतो.

अर्थात हवाबंद नळीचा वेग सगळ्या तळाला आणि वर्षभर लावायचा नाही. ज्या भागात आणि जितक्या दिवसांत तळाशी ऑक्सिजन जातो तेवढ्यालाच तो, बाकीच्यांना हवेच्या नळीचा वेग. पायरी ४ ची वही इथे कामाला येते.

साठाही काढा. वरच्या १० सेंटिमीटरमध्ये दर घनमीटरला २०० किलो कोरडा गाळ आणि त्यात किलोमागे अर्धा ग्रॅम सुटू शकणारा फॉस्फरस धरला, तर या तलावाच्या तळाशी २०० किलो फॉस्फरस आहे. उन्हाळ्याच्या १५० दिवसांत रोज ४०० ग्रॅम म्हणजे ६० किलो. आणि सुटलेल्यातला बराचसा शेवाळ मरून परत तळाशीच बसतो. पावसाळ्यात सांडव्यावरून हिरवं पाणी वाहून जातं, गाळ जागचा हलत नाही. डेन्मार्कमधल्या सोबीगोर तलावात १९८२ मध्ये बाहेरची आवक मोठ्या प्रमाणात कमी केली, त्यानंतर दहा वर्षांहून जास्त काळ गाळ फॉस्फरस सोडत राहिला.

पायरी १०: आकड्यावरून उपाय

नाला गाळापेक्षा जास्त देत असेल तर गाळाला हातही लावू नका. सगळा पैसा मलवाहिनीत. उपसलेल्या तळावर नवं सांडपाणी सोडणं म्हणजे पाच वर्षांनी पुन्हा तेच टेंडर.

नाला बंद आहे आणि गाळ देतो आहे, तेव्हा गाळ काढण्याचा विचार करा. स्वीडनमधल्या वेक्शो गावचा ट्रुमेन तलाव इथे बोलका आहे. सांडपाणी पन्नाशीच्या दशकाअखेर वळवलं, दहा वर्षं काही सुधारलं नाही, मग १९७० आणि १९७१ मध्ये वरचा गाळ शोषून काढला आणि तलाव सावरला. पण किती खोल काढायचा हे पायरी ८ च्या चकत्या सांगतात. फॉस्फरसचं प्रमाण २० सेंटिमीटरच्या खाली गेल्यावरच कमी होत असेल आणि कंत्राट १० चं असेल, तर आपण जास्त श्रीमंत थर उघडा पाडतो. काढलेला गाळ काठावर रचू नका, पहिल्याच जोरदार पावसात तो परत आत जातो. शेतीला किंवा बागेला देण्याआधी त्यातले जड धातू तपासा.

जलपर्णीचंही तेच. एक टन ओल्या जलपर्णीत ९५० किलो पाणीच असतं. उरलेल्या ५० किलोंत फॉस्फरस ०.४ टक्के धरला तर २०० ग्रॅम. वरच्या उदाहरणातल्या तलावात गाळ एका दिवसात सोडतो त्याच्या निम्मा. तरी काढावी, कारण ती तळाचा ऑक्सिजन मारते. फक्त काठावर कुजत ठेवली तर तो सगळा फॉस्फरस पाण्यात परत जातो, आणि हे मुंबईत फार दिसतं. काढली त्याच दिवशी ट्रकमध्ये.

कारंजी वरचं पाणी उडवतात, तळाला ऑक्सिजन देत नाहीत. उथळ जागी बसवली तर गाळ ढवळतात. तळाला हवा द्यायची तर हवेच्या नळ्या तळाशी हव्यात, रात्री चालायला हव्यात, आणि पायरी ७ मध्ये हवेने खरंच फरक पडलेला असायला हवा. जिवाणूंच्या पावडरबद्दल माझं मत ठाम आहे. नायट्रोजन वायू होऊन उडून जाऊ शकतो, फॉस्फरस जात नाही. जिवाणू त्याला एका रूपातून दुसऱ्या रूपात नेतील, तलावाबाहेर नेणार नाहीत. विकणाऱ्याला विचारा, टाकल्यानंतर फॉस्फरस तलावाबाहेर कोणत्या वाटेने जातो?

फॉस्फरस गाळातच कायमचा बांधायचे उपायही आहेत. पाणी शुद्धीकरणात वापरतात ती अॅलम त्यातली जुनी. तिचं ॲल्युमिनियम ऑक्सिजन गेला तरी फॉस्फरस सोडत नाही. पण अॅलमने पीएच खाली जातो आणि मासे मरू शकतात. दुपारी पीएच ९ च्या वर जाणाऱ्या पाण्यात उलटंच होतं, ॲल्युमिनियम पुन्हा विरघळतं. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओने विकसित केलेली लँथॅनमयुक्त चिकणमाती पीएच फारसा हलवत नाही, पण ती फॉस्फरसच्या शंभरपट लागते. उदाहरणातल्या तलावाच्या २०० किलोंसाठी २० टन. यातलं काहीही नागरिकांनी स्वतः ओतायचं नाही. बादलीतली चाचणी, तज्ज्ञाचा हिशेब आणि महापालिकेची लेखी मंजुरी या क्रमानेच.

पायरी ११: नंतरची वही

पायरी ४ आणि ५ ची मोजणी काम झाल्यावरही त्याच जागी, त्याच वेळेला, दर उन्हाळ्यात चालू ठेवा. नळ्यांचा प्रयोग दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये पुन्हा करा. नळ्यांच्या जागा मोबाइलच्या जीपीएसवर नोंदवलेल्या असू द्या, म्हणजे माणसं बदलली तरी जागा बदलणार नाही. कच्चे आकडे, लॅबचे मूळ अहवाल आणि नळ्यांचे फोटो एकाच ठिकाणी ठेवा, आणि एक प्रत वॉर्ड ऑफिसला, एक कॉलेजला, एक तलावाजवळच्या वाचनालयाला द्या. पुढचं टेंडर निघेल तेव्हा त्यात गाळाच्या फॉस्फरसचा आकडा आधी आणि नंतर मोजण्याची अट घालावी, हा अर्ज या आकड्यांसह मे संपण्याआधी पोचवा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला की ऑक्टोबरपर्यंत नळ्या काढता येत नाहीत.